सह्याद्रीतील भटकंतीसाठी चाकूचा आराखडा कसा करावा

शुक्रवारी रात्री शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल पकडून डोंगरात जाणाऱ्याला चाकू नेमका कशासाठी लागतो, हे आधी कागदावर लिहून काढावे. कांदा, टोमॅटो, काकडी आणि लिंबू चिरणे, खिचडीच्या मसाल्याचे पाकीट उघडणे, सुतळी किंवा तंबूची दोरी कापणे, जखमेवर लावायची चिकटपट्टी हव्या त्या लांबीची करणे, बुटाचा तळ उकलला तर तो बांधण्यासाठी पट्टी कातरणे, एवढी कामे लिहिली की यादी जवळजवळ संपते. झुडपे तोडून वाट काढणे, ओंडके फोडणे किंवा हिंस्र जनावराशी सामना करणे ही कामे या यादीत येत नाहीत. झाडी तोडायची वेळ आलीच, तर त्यासाठी गावकऱ्याच्या कमरेला आकडीत अडकवलेला कोयता आहे. पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत घडत आलेल्या त्या हत्याराशी बोटभर पात्याच्या चाकूने स्पर्धा करू नये. भटकंतीचा चाकू म्हणजे पावसात, घामेजल्या हाताने आणि पाटाशिवाय वापरायची स्वयंपाकघरातील सुरी होय, असे एकदा ठरवले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. बाजारात लष्करी थाटात विकले जाणारे जाड, काळे, करवतीचे दात असलेले चाकू नेमक्या उलट टोकाकडून विचार करून घडवलेले असतात आणि म्हणूनच त्यांनी कांदा धड चिरला जात नाही.

आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा, कारण तो पात्याची लांबी आणि आकार यांच्याशी थेट संबंधित आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येऊ शकतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आपल्याला लागणारे पाते या मर्यादेच्या निम्म्यालाही पोहोचत नाही, पण तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्तांना सार्वजनिक ठिकाणी चाकू, काठ्या आणि तत्सम वस्तू बाळगण्यास काही काळ मनाई करता येते आणि मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघतात. म्हणून निघण्यापूर्वी असा आदेश लागू आहे का, ते पाहावे. दुधारी पाते, बटण दाबताच उघडणारी रचना आणि खंजिरासारखे टोक आराखड्यातून सुरुवातीलाच वगळावे. भटकंतीत त्यांचा काही उपयोग नसतो आणि तपासणीच्या वेळी ती आपल्या हेतूविषयी चुकीचे बोलतात. चाकू म्यानात घालून, सॅकच्या आत, स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर न्यावा. लोकलमध्ये तो कमरेला लटकवण्याची हौस अजिबात करू नये.

यापेक्षाही दुर्लक्षित राहणारी तरतूद वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आहे. या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पूर्वलेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करण्यास मनाई आहे. मुंबईकरांच्या आवडत्या वाटांपैकी किती वाटा अशा क्षेत्रांतून जातात, याचा विचार फारसा कोणी करत नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तर आहेच. पण हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, शिवाय भीमाशंकर, कर्नाळा आणि तुंगारेश्वर हीदेखील अभयारण्येच आहेत. अशा ठिकाणी भाजी घरूनच चिरून न्यावी किंवा ज्या घरी जेवणाची सोय केली आहे तिथली विळी मागून घ्यावी. चाकू कितीही उत्तम साधला असला, तरी त्या दिवशी तो घरी राहिलेला बरा.

घडीचा चाकू करावा की सरळ, या प्रश्नावर मतभेद आहेत आणि घडीच्या चाकूचा सुटसुटीतपणा नाकारता येत नाही. तरीही स्वतः आराखडा करणाऱ्याने सरळ, न दुमडणारा चाकू निवडावा, असे माझे मत आहे. पावसाळ्यात घडीच्या सांध्यात चिखल, टोमॅटोचा रस आणि खिचडीची शिते जाऊन बसतात, ती डोंगरावर नीट धुऊन निघत नाहीत, आणि लाकडी मुठीचा घडीचा चाकू असेल तर दमट हवेत लाकूड फुगून पाते आतच घट्ट अडकते. त्याशिवाय पाते उघड्या स्थितीत पक्के धरून ठेवणारी कळ बिनचूक घडवणे हे घरगुती कामाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि ती कळ दगा देते तेव्हा पाते बोटांवरच मिटते.

पात्याची लांबी ८ ते १० सेंटिमीटर ठेवावी. मोठा कांदा एका कापात दुभागण्यासाठी एवढी लांबी पुरते आणि टोकावरचा ताबाही सुटत नाही. रुंदी २.२ ते २.५ सेंटिमीटर असावी. त्याहून अरुंद पाते चिरताना बोटांचे सांधे ताटलीवर आपटवते, कारण मूठ आणि धार यांच्या पातळ्यांत पुरेसे अंतर राहत नाही. हे टाळण्यासाठी धार मुठीच्या खालच्या कडेपेक्षा निदान ७-८ मिलिमीटर खाली येईल, अशी रेखाकृती काढावी. टोक पाठीच्या रेषेपासून हळूहळू खाली उतरत आणलेले असावे, म्हणजे ते पात्याच्या मध्यरेषेजवळ येते, भक्कम राहते आणि पाकीट उघडताना आतल्या वस्तूला भोसकत नाही. धारेला टोकाकडे किंचित पोट द्यावे आणि उरलेली धार जवळजवळ सरळ ठेवावी. सपाट ताटलीवर सरळ धारच पूर्ण लांबीने टेकते, आणि डोंगरात ती पाजवायलाही सोपी जाते. करवतीचे दात पाठीवर किंवा धारेवर कुठेही काढू नयेत.

आता जाडी, जिच्यावर चाकूचे बरेवाईटपण सर्वांत जास्त ठरते. विकत घेताना माणूस पाठीची जाडी बोटांनी चाचपून चाकूची किंमत ठरवतो, आणि ४ किंवा ५ मिलिमीटरची पाठ हाताला लागली की त्याला समाधान वाटते. या समाधानामागे भौतिकशास्त्र नाही असे नव्हे: पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २.५ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटर जाडी घेतली तर वजन १.६ पट होते आणि ताठपणा सुमारे चौपट. पण भटकंतीच्या चाकूवर कोणी तरफेसारखा जोर देणार नसेल, तर हा ताठपणा निरुपयोगी राहतो आणि त्याची किंमत प्रत्येक कापात मोजावी लागते. काकडीच्या आत शिरलेले पाते दोन्ही बाजूंनी जागा मागते. ४ मिलिमीटर जाडीच्या पात्याला धारेपासून केवळ १० मिलिमीटर उंचीपर्यंत उतार दिला आणि धारेमागे ०.४ मिलिमीटर जाडी राखली, तर प्रत्येक बाजूचा उतार सुमारे १० अंशांचा होतो. तेच २.५ मिलिमीटरचे पाते पाठीपासून धारेपर्यंत २३ मिलिमीटरच्या पूर्ण रुंदीवर एकसलग उतरवले, तर तो उतार जेमतेम २.६ अंश भरतो. पहिले पाते पाचरीसारखे काम करते, म्हणून काकडी कापली न जाता कडकन तडकते. दुसऱ्याने पातळ चकत्या निघतात. म्हणून पाठीची जाडी २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी, उतार पूर्ण रुंदीचा आणि सपाट द्यावा, आणि शेवटची धार काढण्याआधी धारेमागची जाडी ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान आली आहे का, हे व्हर्नियर कॅलिपरने मोजून पाहावे. स्वीडनमधील मोरा या गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साध्या, स्वस्त चाकूंची पातीही बहुधा याच जाडीच्या आसपास असतात आणि ते चाकू तिथे सुतारापासून कोळ्यापर्यंत सर्वांच्या हाती दिसतात.

अगदी शेवटची धार प्रत्येक बाजूला १८ ते २० अंशांची ठेवावी. १५ अंशांची धार घरात छान चालते, पण ताटली स्टीलची असेल किंवा खाली कातळच असेल तर ती लगेच मुडपते. धार जिथे मुठीजवळ संपते तिथे अर्धगोल, लहानशी खाच ठेवावी, म्हणजे निसण्यावर पाजवताना धारेचे शेवटचे टोकही दगडाला लागते आणि काही वर्षांनी तिथे न झिजलेला उंचवटा उरत नाही.

पाठीच्या कडा काटकोनात धारदार ठेवाव्यात, म्हणजे त्यांवर चकमकीची कांडी घासून ठिणग्या पाडता येतात, असा सल्ला परदेशी साहित्यात हटकून आढळतो. आपल्याकडे वनक्षेत्रात आग पेटवणे मुळातच वर्ज्य आहे, उन्हाळ्यातील वणव्यांचा अनुभवही ताजा आहे आणि स्वयंपाक बहुधा छोट्या गॅस-शेगडीवर होतो. म्हणून पाठ कानशीने आणि पॉलिशपेपरने गोलसर करावी. चिरताना अंगठा किंवा तर्जनी पाठीवरच टेकते आणि दहा जणांचे कांदे चिरून झाल्यावर त्या गोलाईचे मोल कळते.

मुठीच्या बाबतीत घाई करू नये, कारण पात्यातील उणीव निसण्याने थोडीफार दुरुस्त होते, तशी मुठीतील होत नाही. प्रथम जाड पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा आकार काढून कापावा आणि तो पसंत पडल्यावर प्लायवूडचा नमुना करावा, ज्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे चिकटवून मुठीची खरी जाडी आणता येते. बहुतेकांच्या तळहाताची रुंदी ८ ते ९ सेंटिमीटर भरते, म्हणून मूठ १०.५ ते ११.५ सेंटिमीटर लांब असावी. त्याहून आखूड मूठ तळहाताच्या मधोमध टोचते. मुठीचा छेद गोल न ठेवता अंडाकृती ठेवावा, म्हणजे अंधारातही धार कोणत्या दिशेला आहे हे हाताला न पाहता समजते. पोटापाशी १८ ते २० मिलिमीटर जाडी आणि मागच्या टोकाला थोडा फुगवटा दिला, की चाकू मागे खेचताना निसटत नाही. पुढच्या बाजूला, तर्जनी जिथे टेकते तिथे, खाली झुकणारा छोटा उंचवटा अवश्य ठेवावा. ओल्या हातातून बोट पुढे धारेवर सरकण्याचा धोका त्यानेच टळतो. बोटांच्या मापाच्या चार खोलगट खाचा मात्र काढू नयेत. त्या दिसायला आकर्षक असतात, पण त्या एकाच हाताला आणि एकाच पकडीला बसतात, आणि भटकंतीत चाकू दहा हातांतून फिरतो.

प्लायवूडच्या नमुन्याला साबणाचे पाणी किंवा खोबरेल तेल चोळावे, आणि तो धरून चिरण्याची, टोक पुढे करून पाकीट फाडण्याची व स्वतःकडे खेचून दोरी कापण्याची हालचाल काही मिनिटे सलग करून पाहावी. घरातील एखाद्या लहान हाताच्या आणि एखाद्या मोठ्या हाताच्या व्यक्तीलाही तो धरायला द्यावा. जिथे कातडी लाल होते तिथे लाकूड कमी करावे. ही चाचणी जुलैत, उकाड्याने हात आपोआप घामेजलेले असताना घेतली तर तेलाचीही गरज पडत नाही.

मुठीसाठी शिसव आणि सागवान सुंदर दिसतात आणि नीट तेलपाणी केले तर टिकतातही. परंतु चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी हवा, अशा शहरात लाकडाचे फुगणे-आकसणे थांबत नाही आणि कालांतराने लाकूड व पोलाद यांच्यामध्ये फट पडते. त्यामुळे विजेच्या पॅनेलसाठी वापरली जाणारी हायलमची (रेझिनमध्ये कागद किंवा कापड दाबून केलेली) किंवा काच-एपॉक्सीची शीट मला अधिक योग्य वाटते. विद्युत साहित्याच्या लोहार चाळीतील बाजारात अशा शीटची चौकशी करावी. त्या कापताना उडणारी धूळ, विशेषतः काचतंतूंची, फुफ्फुसांना अपायकारक असते, म्हणून चांगला मास्क लावून, शीट ओली ठेवून आणि मोकळ्या जागेत काम करावे. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करू नये. १२० ते २२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरवर थांबावे. रंग भगवा किंवा पिवळा निवडावा, कारण काळी किंवा हिरवी मूठ गवतात पडली की सापडत नाही.

पात्याचे पोलाद मुठीच्या पूर्ण लांबीतून, तिच्याच आकारात, मागच्या टोकापर्यंत न्यावे आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवाव्यात. वजन कमी करण्यासाठी झाकल्या जाणाऱ्या भागात भोके पाडता येतात. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम धरली, तर ९ सेंटिमीटर पाते आणि ११ सेंटिमीटर मूठ असलेला २.५ मिलिमीटर जाडीचा तुकडा कापल्यावर ८४ ग्रॅमच्या आसपास भरतो, उतार आणि भोके पडल्यावर तो ६० ग्रॅमपर्यंत येतो, आणि मुठीच्या पट्ट्या धरून सगळा चाकू ८५ ते ९० ग्रॅममध्ये बसतो. तोल तर्जनीखाली यावा. पट्ट्या सावकाश सुकणाऱ्या एपॉक्सीने चिकटवून वर ५ मिलिमीटरच्या स्टेनलेस खिळ्यांनी पक्क्या कराव्यात. पितळ देखणे असते, पण घामाने त्यावर हिरवा थर चढतो. मागच्या बाजूला नाडी ओवण्यासाठी एक भोक ठेवावे.

पोलादाच्या निवडीवर लोक तासन्‌तास वाद घालतात. वर सांगितलेली भूमिती साधली असेल तर त्यातील अर्धा वाद अनावश्यक ठरतो. मुंबईच्या हवेत आणि लिंबू-कांद्याच्या कामाला स्टेनलेस पोलादच सोयीचे. साध्या कार्बन पोलादाला धार सुरेख लागते, पण घरच्या जुन्या विळीवर चिरलेल्या कांद्याला जो काळेपणा आणि लोखंडी वास येतो, तोच इथेही येतो. मात्र फॅब्रिकेशनच्या दुकानात स्टेनलेस मागितले की बहुधा ३०४ दर्जाची शीट पुढे केली जाते आणि ती मुळीच घेऊ नये. भांड्यांसाठी उत्तम असलेले ते पोलाद तापवून आणि विझवून कठीण होत नाही, त्यामुळे त्याला लावलेली धार पहिल्याच जेवणाला बसते. चाकूसाठी १४सी२८एन किंवा ४४०सी यांसारखे, पाणी चढणारे (म्हणजे तापवून विझवल्यावर कठीण होणारे) स्टेनलेस मागावे. यांपैकी पहिल्या, स्वीडिश पोलादात सुमारे ०.६२ टक्के कार्बन आणि १४ टक्के क्रोमियम असते, ते चिवट असते आणि डोंगरात साध्या निसण्यावरही लवकर पाजते. नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात कानशी, ड्रिल, पॉलिशपेपर आणि कॅलिपर मिळतात; पोलाद मात्र दर्जाची लेखी नोंद देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावे, कारण दोन पट्ट्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून कोयते होतात आणि चांगले होतात, पण वापरलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात आणि तो २.५ मिलिमीटरपर्यंत पातळ करण्यात सगळी हौस जिरते.

स्टेनलेसला पाणी देण्यासाठी साधारण १०५० ते १०९० अंश सेल्सिअस तापमान अचूक राखावे लागते आणि त्या वेळी पृष्ठभागाला हवा लागू द्यायची नसते. हे काम व्हॅक्यूम भट्टी असलेल्या व्यावसायिकाकडे द्यावे आणि कठीणपणा रॉकवेल सी मोजपट्टीवर ५७ ते ५९ असावा, असे कागदावर लिहून द्यावे. सर्व भोके आधीच पाडलेली असावीत आणि धारेमागे ०.७-०.८ मिलिमीटर जाडी राखलेली असावी, नाहीतर पातळ कड भट्टीत वाकते. हौसेने कार्बन पोलादच निवडले असेल, तर ते लोहचुंबकाला चिकटायचे थांबते ते तापमान सुमारे ७७० अंश असते आणि त्यावर टाकलेले साधे मीठ ८०१ अंशांना वितळते, या दोन खुणांचा आधार घेऊन, कोमट तेलात विझवून आणि नंतर २०० अंशांवर दोनदा शेकून काम भागवता येते. पण हा उद्योग लोहाराच्या शाळेत किंवा गावाकडच्या अंगणात करावा. सोसायटीच्या गच्चीवर पेटत्या तेलाचे पिंप ठेवण्याची परवानगी कोणतीही समिती देणार नाही आणि तिने ती देऊही नये. पाणी दिल्यानंतर उतार पातळ करताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. निळसर छटा दिसली, तर तेवढ्या भागातील कठीणपणा गेला असे समजावे.

म्यान चाकूबरोबरच आखावे. चामड्याचे म्यान धारावीत सुबक शिवून मिळेल, पण पावसाळ्यात ते ओल धरते, त्यावर बुरशी येते आणि आतले पाते गंजते. पीव्हीसी पाइपचा तुकडा हीट गनने मऊ करून, चपटा करून, चाकूभोवती दाबून घेतला तर पक्के आणि जवळजवळ फुकटचे म्यान होते. त्यासाठी आगीची ज्योत वापरू नये, कारण पीव्हीसी जळाले की विषारी धूर निघतो. म्यान उलटे धरून झटकले तरी चाकू पडता कामा नये, आणि टोकापाशी पाणी निथळायला भोक हवेच.

तयार चाकूची परीक्षा कागद कापून घेऊ नये. कागद कोणतीही नवी धार कापते. पिकलेला टोमॅटो हातात धरून, दाब न देता साल कापली जाते का ते पाहावे. मग किलोभर कांदे चिरावेत, सुतळीचे आणि नायलॉन दोरीचे तुकडे करावेत आणि पुन्हा टोमॅटो घ्यावा. दुसऱ्यांदा धार घसरली तर भिंगातून पाहावे: ती एका बाजूला मुडपली असेल तर पोलाद मऊ राहिले आहे किंवा धारेचा कोन फार निमुळता झाला आहे, तिचे बारीक टवके उडाले असतील तर पोलाद जास्त कठीण झाले आहे. कोन दोन अंशांनी वाढवून चाचणी पुन्हा घ्यावी आणि तरीही तेच घडले, तर भट्टीवाल्याकडे परत जावे. शेवटी चाकू रात्रभर मिठाच्या पाण्याने भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. सकाळी डाग दिसले तर पृष्ठभाग आणखी बारीक पॉलिशपेपरने घासून घ्यावा, कारण खरखरीत ओरखड्यांत पाणी थांबते आणि गंज तिथूनच सुरू होतो. घरी ठेवताना पात्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवावा आणि चाकू म्यानाबाहेर, कोरड्या कपड्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा.